द्विशिक्षकी शाळेत गणित पेटी: काय चालतं, काय कपाटात राहतं

शिक्षण हक्क कायद्याच्या निकषानुसार पहिली ते पाचवीचा पट 60 पर्यंत असला, की शिक्षक दोन. म्हणजे वाडीवस्तीवरच्या शाळेत एका शिक्षकाकडे किमान दोन इयत्ता कायमच्याच. सोबतचे सर किंवा बाई शिक्षण परिषदेला गेले, रजेवर असले, की त्या दिवशी सगळ्या इयत्ता एकाच वर्गात. गणित पेटी, म्हणजे शाळेत येणारा गणिताच्या साहित्याचा संच, मात्र बनवलेली असते एकइयत्ता वर्गासाठी: सगळ्यांचा घटक एक, सगळ्यांच्या हातात एकाच वेळी एकच साहित्य, आणि शिक्षक पूर्ण तासिका त्यांच्यातच. म्हणून या परीक्षणाची कसोटी एकच ठेवली आहे. शिक्षक दुसऱ्या गटाकडे वळले, की ते साहित्य 15-20 मिनिटं मुलांना कामात ठेवतं का, आणि मूल चुकलं तर ती चूक वस्तूतूनच त्याच्या लक्षात येते का?

पेटीत साधारण असतं ते असं: 100 मण्यांची मोठी माळ, दशमान ठोकळे, संख्या तराजू, अपूर्णांकाच्या चकत्या, एकावर एक बसणारी स्थानिक किंमत कार्डं, खेळातल्या नोटा, जिओबोर्ड (खुंट्यांना रबर ताणून आकार करायची पाटी), टॅनग्राम (सात तुकडे जुळवून आकार करायचं कोडं), घड्याळ, फासे आणि शिक्षकांसाठी पुस्तिका. पुरवठादार बदलला की थोडाफार फरक पडतो, गाभा हाच राहतो.

या कसोटीवर सगळ्यात वर उतरतो तो संख्या तराजू. आडव्या दांडीवर मध्यापासून दोन्ही बाजूंना 1 ते 10 आकडे आणि सारख्या वजनाच्या अडकवायच्या पट्ट्या. पहिलीचं मूल डावीकडे 5 वर एक पट्टी लावतं आणि उजवीकडे 2 आणि 3 वर एकेक. दांडी सरळ झाली, की उत्तर बरोबर. दुसरीसाठी डावीकडे 8 आणि 5, उजवीकडे 10 वर एक. दुसरी पट्टी कुठे लावायची? तिसरीला डावीकडे 4 वर तीन पट्ट्या देऊन उजवीकडे 6 वर किती लागतील ते शोधायला सांगा. चौथीला 7 वर सहा पट्ट्या आणि उजवीकडे 10 वर चार. आता कुठे एक लावली की तोल येईल? एकच वस्तू, चार इयत्तांचं काम, आणि तपासायला शिक्षकांची गरज नाही. पेटीत एवढी एकच वस्तू असती तरी ती बहुवर्गासाठी, म्हणजे एका शिक्षकाकडे अनेक इयत्ता असलेल्या वर्गासाठी, घेण्यासारखी ठरली असती.

अडचणी दोन. पेटीत तराजू एकच येतो, त्यामुळे एका वेळी जेमतेम चार मुलांचा गट बसतो. आणि मधला स्क्रू घट्ट असला, तर दांडी अडकून राहते. मग चुकीचं उत्तरही बरोबर दिसतं, आणि हे सगळ्यात वाईट. वापरण्याआधी दांडी रिकामी ठेवून बोटाने हलकी दाबून सोडावी. दोन-चार हेलकावे घेऊन ती सरळ थांबली पाहिजे. नाही थांबली, तर हलक्या बाजूला खालून चिकटपट्टीचा तुकडा लावावा. पंख्याखाली तराजू ठेवू नये.

दुसरा तराजू शाळेतच करता येतो. 50 सेंटिमीटरची लाकडी पट्टी घ्या, मध्यापासून दोन्हीकडे दर 2 सेंटिमीटरवर 10-10 भोकं पाडा. पेपरक्लिप उघडून केलेल्या आकड्या आणि हार्डवेअरच्या दुकानातले एकाच मापाचे वॉशर, एवढंच लागतं. टांगायचं भोक मात्र बाकीच्या भोकांच्या रेषेत पाडू नका, पट्टीच्या वरच्या कडेजवळ पाडा. एकाच रेषेत पाडलं, तर पट्टी तिरकी झाल्यावर सरळ व्हायला मागत नाही. खाली पाडलं, तर उलटीच होते. वॉशर वापरण्याआधी त्याच तराजूवर 10 च्या आकड्यांना एकास एक लावून पाहावेत. एकाच पुडीतले वॉशरसुद्धा कधी कधी कमी-जास्त जाडीचे निघतात.

मोठी मणीमाळ सर्वांनी मिळून करायच्या कामाला उत्तम आहे. 10 मणी एका रंगाचे, पुढचे 10 दुसऱ्या, असं 100 पर्यंत. ती पहिलीच्या मुलाच्या छातीच्या उंचीवर ताणून बांधावी आणि दोरीत 10-12 सेंटिमीटर मोकळी जागा राखावी, म्हणजे मोजलेले मणी बाजूला सरकवता येतात. पुष्कळ ठिकाणी ती फळ्याच्या वर, शोभेची म्हणून लावलेली असते. तिथे मुलांचा हात पोचत नाही आणि तिचा उपयोग संपतो.

माळेवरची एक चूक हमखास होते. 36 ची खूण करायला मूल कपड्याचा चिमटा छत्तिसाव्या मण्यावरच लावतं. मग 36 च्या पुढे 10 मोजताना तोच मणी पुन्हा धरला जातो आणि उत्तर 45 येतं. चिमटा 36 आणि 37 या मण्यांच्या मधल्या दोरीवर लावायची सवय पहिल्या दिवसापासून लावली, तर ही चूक होत नाही. तिसरीची 7 च्या पाढ्याची उडी आणि चौथीचं 100 चं पाव, अर्धं, पाऊण याच माळेवर होतं.

पण माळ एक आणि भिंत एक. गटकामासाठी 20 मण्यांच्या लहान माळा लागतात, दोन मुलांत एक. त्या पेटीत नसतात, शाळेतच करून घ्याव्या लागतात: 5-5 मण्यांनी रंग बदललेला, नायलॉनची दोरी, टोकांना दुहेरी गाठ, आणि गाठ सुटू नये म्हणून टोक मोठ्या माणसाने मेणबत्तीवर हलकं वितळवलेलं. पहिलीचं 8 + 7 या माळेवर सुंदर होतं, कारण 5 आणि 10 डोळ्यांना न मोजता दिसतात.

आता दशमान ठोकळे. पेटीतली सर्वात महाग वस्तू हीच असावी, आणि प्रमाण चुकलंय ते इथेच. 1 सेंटिमीटरचे 100 सुटे, 10 सेंटिमीटरचे 10 दांडे, शतकाच्या एक-दोन पाट्या आणि हजाराचा एक मोठा ठोकळा, अशी सर्वसाधारण मांडणी. आता हिशोब करून बघा. दोन अंकी हातच्याच्या बेरजेत एका जोडीला जास्तीत जास्त 18 सुटे लागतात, कारण 9 आणि 9. म्हणजे 100 सुट्यांत पाच जोड्या बसतात. दांडे मात्र 99 पर्यंतच्या बेरजेला 9 लागतात आणि बेरीज शंभराच्या पुढे गेली की 19 पर्यंत. म्हणजे सुटे पाच जोड्यांना पुरतात, दांडे धड एकाच जोडीला. वर्गात याचं रूप असं दिसतं: एक जोडी करते आणि बाकीचे बघत बसतात. नुसतं बघणाऱ्या मुलांच्या हाती काहीच लागत नाही. त्यामुळे सुटे 100 असलेली पेटी घेताना वेगळे 40 दांडे मागावेतच.

दुसरा मुद्दा शिकवण्याच्या क्रमाचा, आणि तो पुस्तिकेत सापडत नाही. दुसरीला वजाबाकी थेट ठोकळ्यांवर देऊ नका. 52 मधून 27 वजा करताना मुलाने एक दांडा देऊन 10 सुटे घ्यायचे असतात. मूल डब्यातून 10 सुटे घेतं, पण दांडा परत ठेवायला विसरतं. आता त्याच्यासमोर 5 दांडे आणि 12 सुटे आहेत, म्हणजे 62. उत्तर 35 येतं, आणि समोरच्या वस्तू मोजूनही 35 च भरतात. साहित्यानेच चुकीला दुजोरा दिला.

गठ्ठ्यांत हे घडू शकत नाही. आइस्क्रीमच्या 52 काड्या घ्या, 10-10 चे 5 गठ्ठे आणि 2 सुट्या. सात सुट्या काढायला हव्यात आणि हातात दोनच आहेत, म्हणून एक गठ्ठा सोडावाच लागतो. सोडला की तो गठ्ठा राहतच नाही, विसरायचा प्रश्न येत नाही. फळ्यावर 7 मधून 2 वजा करून मोकळं होणारं मूलसुद्धा इथे थबकतं आणि विचार करतं. म्हणून दुसरीला गठ्ठे-सुटे. ते पक्कं झालं की तिसरीत ठोकळे, तेही दांडा आधी द्यायचा आणि मगच सुटे घ्यायचे या नियमाने. देवाणघेवाणीसाठी गटातलं एक मूल 'बँक' करावं. दांडा हातात पडल्याशिवाय बँकेने सुटे द्यायचे नाहीत.

काड्या बांधायला साधे रबरबँड वापरले तर ते उन्हाळ्यात चिकटतात आणि तुटतात. सायकलची जुनी ट्यूब 5 मिलिमीटर रुंदीच्या चकत्यांत कापली, तर ती कडी वर्षानुवर्षं टिकते आणि लहान बोटांना सहज ओढता येते. टाकाऊ वस्तूंतून खेळणी करणाऱ्या अरविंद गुप्तांनी काडेपेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब यांतून आकार उभे करायला शिकवलं; चौथीला त्रिमितीय आकारांसाठी जिओबोर्डपेक्षा ते कितीतरी उपयोगाचं आहे.

स्थानिक किंमत कार्डं कमी दिखाऊ, पण मराठी शाळेत फार मोलाची. आपण संख्या वाचताना एकक आधी उच्चारतो, त्यामुळे त्रेसष्ट ऐकून 36 लिहिणारी मुलं प्रत्येक दुसरीच्या वर्गात असतात. 2019 मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात 'साठ तीन' असं वाचन आणलं ते याच अडचणीमुळे, आणि त्यावर मोठा वाद झाला. त्या वादात कुठल्याही बाजूला असलात, तरी कार्डं कामाची आहेतच. 60 चं रुंद कार्ड आधी ठेवायचं, 3 चं अरुंद कार्ड त्याच्या शून्यावर बसवायचं. चुकून 30 आणि 6 घेतले, तर बाजूला मांडलेल्या गठ्ठ्यांशी ते जुळत नाही आणि मूल स्वतःच बदलतं. पेटीतली कार्डं पातळ असतात, कोपरे लवकर दुमडतात. आल्या आल्या लॅमिनेट करून घ्यावीत, पण प्रत्येक कार्ड वेगळं कापून. शून्याची कड नेमकी जुळली पाहिजे.

अपूर्णांकाच्या गोल चकत्या निराश करतात. भाकरीचे तुकडे म्हणून सुरुवातीला ठीक, पण पाव आणि एक तृतीयांश यांतला फरक वर्तुळाच्या तुकड्यात नेमका मोजता येत नाही, आणि पुढे संख्यारेषेशी नातंही जुळत नाही. शिवाय प्रत्येक अपूर्णांकाला ठरलेला रंग आणि वर छापलेला आकडा असल्याने चौथीची मुलं 'दोन पिवळे म्हणजे एक लाल' असं पाठ करून टाकतात. त्याऐवजी पुठ्ठ्याच्या 24 सेंटिमीटरच्या पट्ट्या कापा. 24 ला अर्धे 12, तृतीयांश 8, पाव 6, षष्ठांश 4, अष्टमांश 3, द्वादशांश 2, सगळे पूर्ण सेंटिमीटरात येतात, कापताना चूक होत नाही. पंचमांश आणि दशांशासाठी वेगळा 30 सेंटिमीटरचा संच करावा; दोन संच कधीही एका डब्यात ठेवू नयेत, नाहीतर 'पूर्ण' बदलतं आणि सगळी तुलना फसते. पट्ट्या एकाच रंगाच्या आणि आकड्यांशिवाय असाव्यात. त्याच पट्ट्या पहिलीला लहान-मोठं लावायला आणि दुसरीला दुप्पट-निमपट शोधायला देता येतात.

बाकीचं थोडक्यात. घड्याळाचे काटे एकमेकांशी जोडलेले नसतील, तर ते वापरू नये. मोठा काटा 6 वर नेला तरी लहान काटा 3 वरच राहतो आणि मुलाच्या मनात साडेतीनचं चुकीचं चित्र बसतं. जिओबोर्डचे रबर तुटतात आणि तपासायला शिक्षकच लागतात. ठिपक्यांचा कागद तेच काम करतो. टॅनग्राम लवकर काम संपवणाऱ्या मुलांसाठी छान, पण सातातला एक तुकडा हरवला की संच गेला, म्हणून प्रत्येक तुकड्यामागे संचाचा क्रमांक लिहावा. नोटांमध्ये 2000 ची नोट असेल तर पेटी जुन्या साठ्यातली आहे असं समजा. ती नोट 2023 मध्ये चलनातून काढायला घेतली. स्थानिक किमतीच्या कामात फक्त 1, 10, 100 ठेवावेत, 5, 20, 50 बाजूला. दुकानाच्या खेळात त्या परत आणाव्यात. दुकान हा चारही इयत्तांना एकत्र बसवणारा खेळ आहे: पहिलीने वस्तू मोजून द्यायच्या, दुसरीने पैसे द्यायचे, तिसरीने उरलेले परत करायचे, चौथीने बिल करायचं. आवाज फार होतो, तो व्हरांड्यात घ्यावा.

या पेटीची सर्वात मोठी उणीव वस्तूंमध्ये नाही. तिच्यात मुलांसाठी कृतीकार्डं नाहीत. पुस्तिका आहे, पण ती शिक्षकांशी बोलते आणि इयत्तेनुसार पाठ देते. बहुवर्गात शिक्षकांच्या सूचनेची जागा कार्डाने घ्यायची असते. आंध्रातल्या ऋषी व्हॅली या शिक्षणसंस्थेने आपल्या छोट्या ग्रामीण शाळांसाठी जे साहित्य उभं केलं, त्याचा कणाच कार्डं आहे: चिन्ह आणि रंगावरून मूल आपलं पुढचं कार्ड ओळखतं, शिकण्याच्या पायऱ्यांच्या शिडीवर आपण कुठे आहोत ते बघतं, आणि त्या पायरीला शिक्षकांची पूर्ण मदत लागणार, सोबत्याची लागणार की एकट्याने करायचं, हे आधीच ठरलेलं असतं. कर्नाटकातल्या सरकारी शाळांमधली नली कली ही पद्धत त्याच वाटेने गेली. आपल्या पेटीत वस्तू चांगल्या आहेत, पण त्या मुलांच्या ताब्यात देण्याची ही सोय राहून गेली आहे.

ती शाळेतच करावी लागते. A4 कागदाच्या अर्ध्या आकाराचं कार्ड, एका कार्डावर एकच काम, फार तर चार ओळी. पहिलीसाठी फक्त चित्र. दुसरीचं एक कार्ड नमुन्यादाखल:

'5 गठ्ठे आणि 2 सुट्या काड्या मांडा.
त्यातल्या 27 काड्या डब्यात परत टाका.
उरलेल्या काड्यांचं चित्र वहीत काढा.
खाली संख्या लिहा.'

मागच्या बाजूला 2 गठ्ठे आणि 5 सुट्यांचं चित्र. आधी करायचं, मग कार्ड उलटायचं. उत्तर आधी बघणारी मुलं असतातच. म्हणून कार्ड आकड्यातलं उत्तर मागत नाही, चित्र मागतं. एका साहित्यासाठी एका इयत्तेची 8 ते 10 कार्डं पुरतात. कोपऱ्यात इयत्तेचा आकडा लिहू नये, रंगाचा ठिपका द्यावा, म्हणजे तिसरीतल्या मुलाला दुसरीच्या पायरीचं कार्ड हातात घ्यायला कमीपणा वाटत नाही. निपुण भारत या केंद्र सरकारच्या अभियानात तिसरीपर्यंत पायाभूत संख्याज्ञान पक्कं करायचं आहे, आणि ते होण्यासाठी मूल आज जिथे आहे तिथूनच त्याला पुढे न्यावं लागतं.

40 मिनिटांची तासिका अशी बसते. पहिली 5 मिनिटं सगळे माळेपुढे, तोंडी. मग 12 मिनिटं शिक्षक एका गटासोबत, बाकीचे कार्डांवर. पुढची 12 मिनिटं दुसऱ्या गटासोबत. 6 मिनिटं फिरून वह्या बघायच्या, शेवटची 5 आवराआवर. चार इयत्ता असतील तर उरलेल्या दोघींची पाळी दुसऱ्या दिवशी. यात एक नियम मोडला की सगळं कोसळतं: नवं साहित्य फक्त शिक्षक ज्या गटात बसलेत त्याच गटात उघडायचं. कार्डांवर बसलेल्या गटांना ओळखीचंच साहित्य द्यायचं. एकाच दिवशी दोन गटांत नवं साहित्य दिलं, की प्रत्येक मिनिटाला कोणीतरी 'बाई, हे कसं करायचं?' म्हणत येतं आणि कोणाकडेच नीट लक्ष दिलं जात नाही. आणि शहाबादी फरशीवर ठोकळे थेट देऊ नयेत. खाली बस्करपट्टी किंवा सतरंजी हवी, नाहीतर आवाजाने शेजारच्या गटाचं काम थांबतं.

पेटी म्हणून जे खोकं येतं, ते साठवायला चांगलं, वापरायला गैरसोयीचं. खालची वस्तू काढायला वरच्या चार काढाव्या लागतात, म्हणून आठवड्याभरात कोणी ती उघडेनासं होतं. सगळं बाहेर काढून कृतीप्रमाणे डबे लावावेत. अर्धा किलो श्रीखंडाचे रिकामे डबे यासाठी अगदी योग्य आकाराचे असतात. एका डब्यात एका जोडीला लागतं तेवढंच, झाकणावर आत काय आणि किती याचं चित्र. आवरताना सुटे ठोकळे 10-10 च्या दोन ओळींत लावून मगच डब्यात टाकायचे. पहिलीच्या मुलांचं मोजणं त्यातच होतं, आणि एखादा हरवला तर त्याच वेळी कळतो.

पेटी कुलूपबंद राहण्यामागे हरवण्याची भीती फार असते, कारण ती डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या कायमच्या वस्तूंच्या नोंदवहीत, चढलेली असते. केंद्रप्रमुखांशी बोलून सुटे ठोकळे, मणी, नोटा यांची नोंद सुरुवातीलाच वेगळी करून घ्यावी. वापरातून दहा-वीस ठोकळे गेले तर ते साहित्य कामी आलं, असंच पाहिलं पाहिजे.

पेटी ताब्यात घेताना पोच देण्याआधी चार गोष्टी तपासा. 10 सुटे ठोकळे एका ओळीत दांड्याला लावून बघा. साच्यातल्या फरकाने ते दांड्यापेक्षा लांब किंवा आखूड भरत असतील, तर पूर्ण संच परत करा, कारण मुलांना तो फरक लगेच दिसतो. 10 दांडे पाटीवर ठेवून बघा. तराजूची रिकामी दांडी सरळ थांबते का ते पाहा. घड्याळाचा मोठा काटा एक फेरी फिरवा आणि लहान काटा एका आकड्याने सरकतो की नाही ते बघा.